घेतलंयस ना? मग परत ठेव!

तुमच्या ऑफिसात मीटिंग रूम्स किती? चार? आणि मीटिंगची हौस असलेल्या टीम्स? चौदा! मग रोजचा सीन ठरलेला. काचेतून दोघं एकाच वेळी डोकावतात, दोघांनाही रूम रिकामी दिसते, दोघंही आपापल्या टीमला हाका मारतात आणि दारातच ‘आम्ही आधी बघितली’ सुरू होतं. (माझं बरंय. मी फ्रीलान्सर. कॉफी शॉपमधलं कोपऱ्यातलं टेबल हीच माझी मीटिंग रूम.)

हसू नका. हेच भांडण सोडवण्यासाठी तुमच्या शेजारच्या क्युबिकलमधली जावावाली मंडळी पगार घेतात. त्यांच्या भाषेत ‘थ्रेड-सेफ रिसोर्स पूल’. मास कॉमवालीने यात नाक का खुपसावं? कारण या पूलपायी माझ्या एका मित्राचं, सख्ख्या बहिणीच्या केळवणाचं जेवण हुकलं.

आधी फंडा. आपण एखाद्या साइटवर खरेदी करतो तेव्हा आतला प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलतो. त्यासाठी लागतं कनेक्शन, आणि ते उघडणं महागात पडतं. आधी नेटवर्कवर ओळखपाळख, मग लॉगिन. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर दर कनेक्शनमागे एक वेगळी प्रोसेस सुरू करतो. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी हा सोहळा कोण करणार? म्हणून थोडी कनेक्शन्स आधीच उघडून ठेवायची, लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं. झाला पूल. जावातला लोकप्रिय ‘हिकारीसीपी’ वेगळं काही सांगितलं नाहीत तर जास्तीत जास्त १० ठेवतो.

पण मागणारे शेकडो. एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी धावणारी ही कामं, म्हणजेच थ्रेड्स. ‘रिकामं आहे का’ हे बघणं आणि ‘मी घेतलं’ म्हणणं, या दोन पावलांच्या मधे दुसरा थ्रेड घुसला की एकच कनेक्शन दोघांच्या हातात! मग एकाने आपली ऑर्डर पक्की करावी आणि त्यासोबत दुसऱ्याची अर्धवट ऑर्डरही पक्की व्हावी, असले घोळ. जावात यासाठी ‘सिंक्रोनाइज्ड’ पहिल्यापासून आहे: आत एका वेळी एकच. २००४ मध्ये जावा ५ आलं आणि ‘ब्लॉकिंग क्यू’, ‘सेमाफोर’ तयारच मिळायला लागले. सेमाफोर ही डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाची १९६० च्या दशकातली कल्पना, नाव रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलवरून. जितकी कनेक्शन्स तितकी टोकन्स. टोकन संपली की थ्रेड प्रोसेसरला न छळता शांत थांबतो.

इथपर्यंतचं सगळे घोकतात. मला विचाराल तर घेणं सोपंय, परत ठेवण्यात खरी गोम आहे.

तर तो मित्र. कंपनीचं नाव नको. सणाचा सेल, संध्याकाळी साइट ठप्प. सर्व्हर निवांत, डेटाबेसही निवांत, तरी पान हलेना. रिस्टार्ट केलं की वीस मिनिटं छान, मग पुन्हा तेच. पठ्ठ्या केळवणाच्या पंगतीतून उठून आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला. चौथ्या रिस्टार्टआधी त्याने थ्रेड डंप काढला, म्हणजे त्या क्षणी कोण कुठे उभंय त्याचा फोटो. शेकडो थ्रेड्स एकाच ओळीवर: ‘कनेक्शन द्या’. दहाच्या दहा बाहेर गेलेली, परत कुणीच आलेलं नाही. पूल कुणा सीनियरने हाताने लिहिलेला, त्यात थांबण्याला मुदतच नाही. (हिकारी निदान ३० सेकंदांनी वैतागून एरर तरी देतो.)

खाल्ली कुणी? डिस्काउंट कूपनने! कूपन चुकीचं असेल तर एक्सेप्शन उडायचं आणि खालची ‘परत कर’ ही ओळ चालायचीच नाही. एक चुकीचं कूपन, एक कनेक्शन गायब. अशी दहा कूपनं, की दुकान बंद. मॅनेजर म्हणे, ‘पूल १०० चा करू.’ मित्र म्हणाला, ‘सर, मग शंभर कूपनं लागतील, एवढंच.’

उपाय काय, तर परत करण्याची ओळ ‘फायनली’मध्ये टाकायची. आत काहीही फुटो, ती चालतेच. २०११ च्या जावा ७ पासून तर ‘ट्राय-विथ-रिसोर्सेस’ आहे, कंस संपला की ‘क्लोज’ आपोआप. गंमत म्हणजे पूलमधल्या कनेक्शनला क्लोज म्हटलं की ते बंद होत नाही, गुपचूप पूलमध्ये जाऊन बसतं. आणि कुणी फार वेळ अडवून ठेवलं तर नेणाऱ्या ओळीसकट चुगली करणारी सोय हिकारीत आहे. ती आपण चालू करावी लागते. करा.

रात्री साडेबाराला साइट उभी राहिली. मसालेभात संपला होता.

जाता जाता, इंटरव्ह्यू असेल त्यांच्यासाठी. थ्रेड्स १०, पूल १० चा, पण प्रत्येकाला एकाच वेळी २ कनेक्शन्स हवीत. दहाही जणांनी एकेक घेतलं आणि दुसऱ्याची वाट बघत बसले. सगळे कायमचे अडकले! पूल किमान केवढा हवा? २० म्हणू नका. ११ पुरतात: अकरावं ज्याला मिळेल त्याचं काम होतं, तो दोन्ही परत ठेवतो आणि रांग हलते.