तीन झाडं आणि दहा वर्षं

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. कारण विचाराल तर रिलीज होता. पण खरं कारण झाडं. तीन झाडं. गांजाची.

दचकू नका. (आई, तू वाचत असशील तर आधी शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.) मी श्टुटगार्टमध्ये राहतो आणि १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत सज्ञान माणसाला स्वतःपुरती, घरात, एका वेळी तीन झाडं लावता येतात. अट एवढीच की निदान सहा महिन्यांपासून तुम्ही इथले रहिवासी असावेत, झाडं पोराबाळांच्या आणि इतरांच्या हाती लागता कामा नयेत, आणि आलेलं पीक ना विकायचं ना कुणाला द्यायचं. मी खोलीला कुलूप लावलं. मुलगी पाच वर्षांची आहे, कायदा नसता तरी लावलं असतं.

ही गोष्ट चार लोकांना कळली आणि दोन प्रकारचे फोन आले. हिंजवडीतला मित्र म्हणाला, "मजा आहे लेका तुझी! एक-दोन बिया पाठव की." आणि काका म्हणाले, "एवढं शिकवलं ते याच्यासाठी का रे?" दोघांनी सारखाच वैताग आणला. कारण दोघांच्याही डोक्यात गांजा म्हणजे एकतर मजा नाहीतर पाप. मला दोन्ही दिसलं नाही. मला दिसलं एक हट्टी झाड, आणि त्याच्याभोवती दोन देशांचे दोन कायदे. त्यातला एक शहाणा आहे आणि एक खुळा आहे, हे सांगायला ही पोस्ट.

आधी झाडाबद्दल. मी लावलं ते ऑटोफ्लॉवर. नेहमीचं गांजाचं झाड रात्र मोठी व्हायची वाट बघतं. दिवस लहान होऊ लागले की मग फुलायला लागतं. घरात ते फुलवायचं तर रोज बारा तास ठार अंधार द्यावा लागतो. पण रशियाकडच्या थंड मुलखात एक बुटकी रानटी जात आहे, रुडेरालिस. यानिशेव्स्की नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये तिला हे नाव दिलं. तिकडे उन्हाळा इतका तोकडा की वाट बघत बसलं तर बी धरायच्या आत गारठून जायचं. म्हणून ती रात्र-बित्र बघत नाही, वय झालं की फुलते. हा गुण नेहमीच्या जातीत कलम... छे, संकर करून आणला आणि या शतकाच्या सुरुवातीला 'लोरायडर' नावाचं बियाणं बाजारात आलं. आजची ऑटो बियाणी त्याच वाटेने आली.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा क्रॉन जॉब आहे. एकदा सुरू झाला की तुमची तयारी असो नसो, ठरल्या वेळी फुलं. डेडलाइन पुढे ढकलता येत नाही. रोलबॅक नाही.

आणि नवशिक्याला "सोपं" म्हणून हेच गळ्यात मारतात! साठ बाय साठ सेंटीमीटरचा तंबू, शंभर वॉटचा एलईडी, एक पंखा, शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून कोळशाचा फिल्टर, तीन कुंड्या. पहिलं झाड अकराव्या दिवशी गेलं. आजारी वगैरे नव्हतं, मीच बुडवून मारलं. सकाळी स्टँडअपच्या आधी पाणी, संध्याकाळी लॉगऑफ झाल्यावर पाणी. आपल्याला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही ना! कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी घालायचं, हे नंतर कळलं. दुसऱ्याचा शेंडा मी चोविसाव्या दिवशी खुडला, का तर मोगऱ्याचा खुडला की तो पसरतो. मोगऱ्याला वेळ असतो. याला नव्हता. तीन दिवसांनी ते फुलायला लागलं आणि वीतभरापेक्षा जरा उंच, असं तिथेच राहिलं. तिसऱ्याकडे मी घाबरून लक्षच दिलं नाही. ते झकास वाढलं.

ब्याऐंशी दिवस, रोज अठरा तास दिवा. म्हणजे नुसत्या दिव्याचे साधारण १४८ युनिट, माझ्या दराने पन्नास युरोंच्या वर. फुकटचा धंदा नाही हा.

आता मुद्दा. कापल्यावर मोठ्या झाडाचं वजन केलं. मुळं सोडून अख्खं ओलं झाड ३४० ग्रॅम. दहा दिवस अंधारात वाळवून, काड्या-पानं काढून उरली फुलं ४१ ग्रॅम. बुटक्याची २३. एकूण ६४.

आणि इथे जर्मन कायद्यात एक बग आहे. झाडं तीन लावा म्हणतो, पण घरात वाळलेला माल ठेवता येतो ५० ग्रॅमच. त्याच्या वर गेलं की नष्ट करायचं, ६० च्या वर गेलं की थेट फौजदारी गुन्हा. मित्राला द्यावं तर तोही गुन्हा. म्हणजे तीन झाडं नीट जगली तर चांगला माळी आपोआप गुन्हेगार! मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून चौदा ग्रॅम वेगळे काढले आणि चहाच्या चोथ्यात कालवून कंपोस्टच्या बादलीत टाकले. बायको हसत होती. "कोण बघायला येणार आहे?" म्हणाली.

कोणीच नाही. तरी टाकले. आणि टाकताना डोक्यात आलं की मी हे का करतोय? पुण्यात असताना मी कधी कुठला नियम असा ग्रॅमवर मोजून पाळला होता? उत्तर सोपं आहे. या कायद्याने आधी माझ्यावर विश्वास ठेवला. तू मोठा माणूस आहेस, तीन झाडं लाव, पोरांपासून लांब ठेव, विकू नकोस, बाकी तुझं तू बघ. असं म्हणणाऱ्याचा शब्द पाळावासा वाटतो. बग असला तरी.

आता आपल्याकडचं बघा. आपला एन.डी.पी.एस. कायदा १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. ऑगस्टच्या शेवटी विधेयक लोकसभेत आलं आणि सप्टेंबरच्या मध्यावर राष्ट्रपतींची सही झालीसुद्धा. एवढ्या वेळात आमच्याकडे साधं कोड रिव्ह्यू होत नाही. त्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. किती झाडं? ते लिहिलेलंच नाही. खिडकीतली एक कुंडी आणि डोंगरातलं एकरभर शेत, दोन्ही एकाच पोटकलमात. कमी मात्रा, व्यापारी मात्रा असा फरक २००१ च्या दुरुस्तीने आणला खरा, पण तो मालाच्या वजनाला. गांजा एक किलोपर्यंत कमी, वीस किलोंच्या वर व्यापारी. झाडाला फूटपट्टी नाही.

गंमत पुढेच आहे. याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. त्यांच्याशिवाय नुसतं पान किंवा बी ही गांजाच्या व्याख्येत येत नाही. म्हणून भांग वाचली, तिचं काय करायचं ते राज्यांनी ठरवायचं. बनारसला आणि जैसलमेरला भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय तीही चालत नाही, पण होळीला कोण विचारतो? म्हणजे पान ही संस्कृती, त्याच्या वरचं फूल हा गुन्हा, आणि दोन्ही ज्यावर येतात ते झाड लावलं की दहा वर्षं. असं लॉजिक मी लिहिलं असतं तर पहिल्या आठवड्यात घरी बसवलं असतं.

"सोड रे, फ्लॅटमध्ये कोण लावतंय" असं म्हणाल तर अधूनमधून तशाही बातम्या येतात. पण मला खरी आठवते ती दुसरी बातमी. धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला पोलिसांनी गांजाची शेती उपटली. ही बातमी वर्षानुवर्षं येते आणि फोटोही तोच. पुढे हिरवा ढीग, मागे रांगेत पोलीस. त्या ढिगाचं किलोमध्ये वजन छापलेलं असतं. माझं ३४० ग्रॅमचं झाड आठवा. त्यात कायद्याच्या अर्थाने गांजा किती होता? वाळून ४१ ग्रॅम. मग पानं, देठं, ओल यांच्यासकट तोललेला ढीग व्यापारी मात्रा कसा ठरतो? हा मुद्दा कोर्टात लढवला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये असाच वाद झालेल्या एका प्रकरणात आरोपीला जामीनही दिला. पण वरच्या कोर्टापर्यंत वकील नेणं डोंगरातल्या माणसाला परवडतं का? हिंजवडीतल्या माझ्या मित्राला परवडेल. कायदा सगळ्यांना सारखा असतो, वकील नसतो.

ते शेत निष्पाप होतं असं मी म्हणत नाही. धंद्यासाठीच लावलेलं असतं ते. पण धंदा चालवणारा त्या फोटोत कधी असतो का?

आता काकांचे आक्षेप. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर देतो.

पहिला: गांजाने डोकं फिरतं. कोवळ्या वयात, रोज आणि कडक ओढणाऱ्यांमध्ये वेड लागण्याचा धोका वाढतो, हे खरंच आहे. घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर नादी लागूच नये. मी स्वतः दोनदा चाखला. एकदा झोप लागली, दुसऱ्यांदा छातीत धडधडलं. बरणी तशीच कपाटात कुलपात आहे. पण हा धोका वयाची अट घालून, खरं सांगून कमी होतो. बंदीमध्ये पानटपरीमागचा पोरगा आधार कार्ड बघत नाही.

दुसरा: हे पाश्चात्त्यांचं खूळ. काका, उलट आहे! इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये याच विषयावर आयोग नेमला होता, इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन. हजारावर साक्षी घेतल्या, खंडच्या खंड अहवाल लिहिला, आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने जवळपास काही अपाय होत नाही, पूर्ण बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही. तेव्हा बंगालमध्ये नौगावला आणि आपल्या शेजारी खांडव्याला सरकारी देखरेखीखाली गांजा पिकायचा. नौगावला नर झाडं ओळखून उपटणारे जाणकार असायचे, शेतकरी त्यांना पैसे देऊन बोलवायचे. ती पारख आज मी बियांच्या पाकिटात विकत घेतो, मादी झाडंच येतील अशी बी असते. बंदी हीच बाहेरून आली, १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून. आणि त्या करारातल्या सर्वात कडक यादीतून गांजा काढायचा ठराव डिसेंबर २०२० मध्ये आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. व्हिएन्नात एक, शिरपुरात दुसरं.

तिसरा: भारत म्हणजे जर्मनी नव्हे. मान्य. दुकानं उघडा, जाहिराती करा, असं मी म्हणतच नाहीये. जर्मनीनेही दुकानं उघडलेली नाहीत. उत्तराखंडने २०१८ मध्ये तागासारख्या धाग्यासाठी कमी नशेच्या जातींना परवाने दिले, २०२४ मध्ये हिमाचलच्या विधानसभेने औषधी आणि औद्योगिक लागवडीचा अहवाल स्वीकारला. आभाळ कोसळलं नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. कलम २० मध्ये झाडांचा आकडा घाला. स्वतःपुरतं एक-दोन झाड लावणाऱ्याला फार तर दंड करा, तुरुंग धंद्यासाठी ठेवा. वजन करायचं तर कायद्यात लिहिलेल्या फुलोऱ्याचंच करा. माणूस आणि धंदा यांत फरक करा. बस.

आणि हिंजवडीकर मित्रा, बिया पाठवणार नाही. कायदा खुळा आहे म्हणून तू तो मोडावास असं मला वाटत नाही. तो खुळा आहे हे तू मोठ्याने बोलावंस असं वाटतं. आपण शुक्रवारी टीम डिनरला चार-चार बिअर रिचवतो, सोमवारी बातमीतला हिरवा ढीग बघून "ठोका साल्यांना" म्हणतो. मी स्वतः म्हणायचो.

तंबू गुंडाळून माळ्यावर टाकलाय. पुढच्या वर्षी त्याच दिव्याखाली मेथी लावीन म्हणतो. ती निदान शेजाऱ्यांना वाटता येते.

(आई, आता कर फोन.)