मंदी आली की आणली?

'मंदी आली' असे आपण म्हणतो, तेव्हा मंदी हा कोणी पाहुणा असावा आणि तो आपल्या पायांनी चालत आला असावा, असा भास होतो. पाऊस येतो, पटकी येते, टोळधाड येते, तशी मंदी येते. ज्याची नोकरी गेली त्याने कपाळाला हात लावायचा, आणि बाकीच्यांनी 'काळच वाईट हो!' म्हणून चहाचा दुसरा घोट घ्यायचा. भाषा शिकविणे हा माझा धंदा, म्हणून असल्या वाक्यांपाशी मी जरा जास्त अडतो. 'कारखाना बंद पडला' ह्या वाक्यात कर्ता कोण? कारखाना! तो बिचारा दगडविटांचा. तो आपण होऊन कशाला बंद पडेल? त्याला कोणीतरी कुलूप घातलेले असते. व्याकरणाच्या फटीतून निसटलेला हा 'कोणीतरी' हुडकून काढावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. अर्थशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही, शिक्षण मॅट्रिकवर थांबले. पण सोलापुरात जो वाढला त्याला कुलपांचे शिक्षण निराळे घ्यावे लागत नाही.

निमित्त मात्र नव्या धंद्याचे आहे. मुले मोबाइलवर आणि संगणकावर जे व्हिडिओ गेम खेळतात, ते बनविणाऱ्या संस्थांना स्टुडिओ म्हणतात. २०२३ सालापासून जगभर ह्या स्टुडिओंना टाळी लागत आहेत आणि हजारोंनी माणसे घरी पाठविली जात आहेत. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या आयांना वाटेल, 'बरे झाले! पोरांचे डोळे तरी वाचतील.' त्यांचा राग मला कळतो. माझ्या वर्गातही मागच्या बाकावर डोळे तांबारलेली मुले बसतात. पण हे खेळ बनविणारे कोण आहेत, हे एकदा पाहा. चित्रकार आहेत, गोष्ट रचणारे आहेत, संगीत देणारे आहेत, गणित मांडणारे आहेत, आणि तोच खेळ दिवसातून शंभर वेळा खेळून त्यातली खोट शोधणारे आहेत. जुन्या नाटक मंडळीत जसे गवई, नेपथ्यकार, तालमास्तर आणि पडदे ओढणारा गडी असे एक बिऱ्हाडच असे, तसेच हे बिऱ्हाड आहे. आणि ह्या बिऱ्हाडात तुमचीआमचीच मुले आहेत.

माझा एक विद्यार्थी होता. वहीच्या मागच्या पानांवर तो घोडे काढी. भूगोलाच्या वहीतही घोडेच. मी पुष्कळदा कान धरला, पण घोडे पळत राहिले. पुढे तो शिकला, हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेला आणि एका स्टुडिओत लागला. त्याचे काम काय? खेळातला घोडा चौखूर उधळतो तेव्हा त्याच्या खांद्याचे स्नायू कसे हलावेत, हे ठरविण्याचे! सहा वर्षे त्याने ते केले. मग एके दिवशी त्याला एका खोलीत बोलावून सांगण्यात आले की, बाजारात मंदी आहे. तू आपण होऊन राजीनामा लिहून दे, म्हणजे अनुभवाचे पत्र चांगले देऊ. त्याने दिला. दिवाळीला तो घरी आला आणि तिथेच राहिला. आई शेजारणींना सांगू लागली, 'त्यांचे काम आता घरूनच असते.' माउलीला खोटे बोलण्याची सवय नाही. सांगताना ती पदराशी चाळा करी.

त्या स्टुडिओचे नाव मी सांगत नाही. मला एका संस्थेशी भांडायचे नाही. ज्यांच्या गोष्टी जगजाहीर आहेत त्यांच्याविषयी बोलू. मायक्रोसॉफ्ट ह्या अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही खेळांची बडी पेढी सुमारे ६,९०० कोटी डॉलर मोजून विकत घेतली. तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, आपल्या खेळविभागातील १,९०० माणसांना तिने निरोप दिला. टोकियोत तिचाच टँगो गेमवर्क्स नावाचा स्टुडिओ होता. त्याच्या 'हाय-फाय रश' ह्या खेळाला एप्रिल २०२४ मध्ये लंडनच्या बाफ्टा संस्थेने पारितोषिक दिले. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद केल्याचे जाहीर केले! नापास झालेल्या मुलाला शाळेतून काढल्याचे आपण ऐकतो. पहिला आल्याबद्दल काढल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे. बरे, घरात पीठ संपले होते काय? जून २०२४ ला संपलेल्या वर्षात कंपनीचा निव्वळ नफा होता ८,८०० कोटी डॉलर. पुढल्या वर्षी तो १०,००० कोटींच्या वर गेला, आणि जुलै २०२५ मध्ये आणखी सुमारे ९,००० माणसे काढण्यात आली. ह्याला मंदी म्हणायचे असेल तर तेजीला काय म्हणावे, हे शब्दकोशकारांनी सांगावे. टोकियोचा तो स्टुडिओ पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीने उचलून घेतला. म्हणजे धंदा मेला नव्हता. मालकाचे मन विटले होते.

शहाणे लोक सांगतात की, कोरोनाच्या २०२० आणि २०२१ ह्या दोन वर्षांत घरी बसलेल्या जगाने खेळ खूप खेळले, म्हणून कंपन्यांनी भरती केली. मग लोक घराबाहेर पडले, अमेरिकेत शून्याजवळ असलेला व्याजाचा दर मार्च २०२२ पासून चढत पाच टक्क्यांवर गेला, स्वस्त कर्ज संपले, सबब कपात. हिशेब बरोबर आहे. पण ह्या हिशेबात चूक कोणाची? स्वस्त कर्जावर दुकानांमागून दुकाने विकत घेतली ती घोडा रंगविणाऱ्याने नव्हे. स्वीडनच्या एम्ब्रेसर कंपनीने असेच स्टुडिओ गोळा केले. मे २०२३ मध्ये तिचा २०० कोटी डॉलरांचा एक सौदा फिसकटला, आणि त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतला व्होलिशन हा तीस वर्षांचा स्टुडिओ बंद झाला. सौदा करायला व्होलिशनचा चित्रकार गेला नव्हता. तेजीत जुगार मालकाने खेळावा आणि हरल्यावर पगारपत्रक कारागिराचे फाडावे, ह्या रीतीला मंदीचे नाव दिले की पाप धुतले जाते!

जुगारावरून आठवले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद केले. फार चांगले केले. त्या खेळांनी किती घरे बसविली ते पालकसभेत बसून मी ऐकले आहे. पण तो धंदा निराळा आणि हा निराळा. दोघांना एकाच गोणीत भरून 'गेमवाले बुडाले, बरे झाले' म्हणणारे पुष्कळ भेटतात. पत्त्यांचा अड्डा आणि नाट्यगृह एकाच गल्लीत असले म्हणून एकच होत नाहीत.

पुण्यामुंबईच्या मुलांचे दुःख आणखी एका परीचे आहे. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने सप्टेंबर २०२० मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ह्या गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती जाहीर केली आणि ते काम तिच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे होते. एवढे मोठे काम आपल्याकडे! पण पहिली झलक लोकांना आवडली नाही. तारखा लांबल्या, मे २०२२ मध्ये ते काम काढून कॅनडातल्या माँट्रियलला नेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो खेळच रद्द केला. पुण्याच्या मुलांची ती मेहनत कोणी पाहिली? कोणीच नाही, आणि पुढेही कोणी पाहणार नाही. प्रभात फिल्म कंपनी १९५३ साली बंद झाली, पण तिचे बोलपट आजही लागतात आणि त्यांच्या आरंभी कामगिरी करणाऱ्यांची नावे येतात. ह्या नव्या धंद्यात कारागीर जातो आणि त्याची कारागिरीही जाते. पूर्ण होऊन विकला गेलेला खेळसुद्धा वाचत नाही: ह्याच युबिसॉफ्टने २०१४ चा 'द क्रू' हा खेळ मार्च २०२४ अखेर बंद केला, तेव्हा ज्यांनी पैसे देऊन तो घेतला होता त्यांनाही तो खेळता येईना.

आता सोलापुरात येतो. आमची जुनी गिरणी, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची, १८७७ पासून चाललेली. २७ ऑगस्ट १९४९ रोजी मालकांनी ती बंद केली. माल तुंबला आहे, खप नाही, अशी तेव्हाही सबब होतीच. पण त्या वेळच्या सरकारने 'काळच वाईट' म्हणून चहा घेतला नाही. गिरणीचा कारभार नीट नव्हता, कापडासारख्या गरजेच्या मालाचे उत्पादन थांबले आणि लोक बेकार झाले, एवढे म्हणून ९ जानेवारी १९५० ला वटहुकूम काढला, आणि एप्रिलमध्ये दिल्लीच्या संसदेने खास ह्या एका गिरणीसाठी कायदा केला! जुने संचालक गेले, मॅनेजिंग एजंटांचा करार संपला, सरकारने आपले संचालक नेमले. एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला: आमच्या एकट्याच कंपनीला हा निराळा न्याय का? डिसेंबर १९५० मध्ये न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी त्याची तक्रार फेटाळली. तीन वर्षांनी दुसऱ्या भागधारकाने मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा काढला आणि तो मात्र जिंकला. मोबदला दिल्यावाचून मालमत्ता घेता येत नाही, असे ठरले. पुढे ती गिरणी कायमची गेली. तिच्यामागून लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जाम मिल, सगळ्यांचे भोंगे थांबले. पुरुष ओट्यावर बसले आणि बायकांच्या सुपातल्या विड्यांवर चुली पेटत राहिल्या.

मी १९५० चे गोडवे गात नाही. तो कायदा टिकला नाही आणि गिरणी वाचली नाही. पण कुलूप घालणाऱ्याला 'का घातलेस?' असे एकदा तरी भर संसदेत विचारले गेले. हा प्रश्न पुढे कायद्यात उतरला. औद्योगिक विवाद कायद्यात १९७६ साली एक प्रकरण घातले गेले: मोठी गिरणी बंद करायची किंवा तिच्यातली माणसे कमी करायची तर आधी सरकारची परवानगी घ्या. आता नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. परवानगीची अट १०० कामगारांवरून ३०० वर गेली, तो वाद निराळा. माझे बोट दुसऱ्याच शब्दावर आहे. जुन्यातही आणि नव्यातही ही परवानगी लागते ती तीनच ठिकाणांना: कारखाना, खाण आणि मळा. स्टुडिओ ह्यांतला एकही नाही. तिथे हजार माणसे असोत, मालकाने नोटीस द्यावी, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने भरपाई द्यावी, संपले. आणि तेवढेही कामगाराला. हुद्दा साहेबी देऊन ठेवला की तिथेही वाद. तेवढेही टाळायचे तर राजीनामा लिहून घेण्याची युक्ती आहेच. कागदावर मग कोणी काढलेला नसतो, सगळे आपण होऊन गेलेले असतात. पुन्हा व्याकरण!

'पण त्यांचे पगार लठ्ठ होते, सोसू दे की थोडे,' असे आमच्या कट्ट्यावर एक गृहस्थ म्हणाले. त्यांचे वडील गिरणीत जॉबर होते. जॉबरचाही पगार साध्या कामगाराहून लठ्ठच असे, म्हणून भोंगा थांबला तेव्हा त्यांच्या घरी दिवाळी गोड झाली असेल असे मला वाटत नाही. लठ्ठ पगारावर पुण्यातल्या खोल्यांचे हप्ते असतात, गावाकडच्या बहिणीचे लग्न असते, आईचे औषध असते. शिवाय गिरणीतला माणूस एकटा बेकार नव्हता. चाळच्या चाळ बसली होती, युनियन होती, मोर्चा होता, शिव्या द्यायला एक फाटक होते. ह्या पोराला फाटकच नाही. तो माजघरात बसून जगाला अर्ज धाडतो आणि ज्याच्यापासून तोंड लपवायचे ते शेजारी फराळाला येऊन विचारतात, 'काय रे, अजून इथेच?'

हा प्रश्न ह्या दिवाळीत त्याला विचारू नका, एवढी विनंती आहे. विचारायचाच तर कायदे करणाऱ्यांना विचारा. मागणी फार मोठी नाही. कारखाना, खाण आणि मळा ह्यांच्या पुढे कचेरी हा एक शब्द घालावा, आणि तीनशेहून अधिक माणसांचा स्टुडिओ बंद करायचा असेल तर मालकाने वह्या उघडून कारण दाखवावे. दबावाने घेतलेला राजीनामा म्हणजे काढून टाकणेच, असे स्पष्ट लिहावे. ज्या खेळावर ज्याने काम केले, तो खेळ पुरा होवो वा न होवो, त्या कामाचा दाखला त्याच्या हाती यावा. माझ्या विद्यार्थ्याच्या अनुभवपत्रात सहा वर्षे आहेत. घोडे कुठेच नाहीत.

ह्या तीन गोष्टी लिहून मी आमच्या खासदारांना पत्र पाठविले आहे. टपालाची पोच आली. उत्तराची वाट पाहतो आहे.