हळू बोला, ऐकू येईल!

दूरच्या माणसाशी बोलायचे तर ओरडून बोलावे लागते, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. पूर्वी एकाच्या घरी ट्रंक कॉल लागला की साऱ्या वाड्याला बातमी कळत असे. आज नात अमेरिकेतून व्हिडिओवर बोलत असते, तिचा चेहरा हातभर अंतरावर दिसत असतो, तरी आजी "जेवलीस का ग?" हे चार घरांना ऐकू जाईल अशाच आवाजात विचारते. अंतर जितके जास्त तितका आवाज मोठा, हा हिशेब आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. तो हिशेब रोज खोटा पाडणारा एक संच गेली तीन वर्षे माझ्या टेबलावर आहे. यंदाच्या दिवाळीत त्याचीच हकीकत सांगावी म्हणतो.

या सदराचे जुने वाचक लगेच विचारतील, "मास्तर, तुमचा प्रांत ओवी-अभंगांचा; तारा आणि खटके तुमच्याकडे कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की हौशी रेडिओ हाही शेवटी संभाषणाचाच प्रांत आहे, आणि संभाषण हे भाषेच्या शिक्षकाच्या हद्दीबाहेरचे नव्हे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारे एक नाव मिळवायचे आणि जगातल्या कुठल्याही परवानाधारकाला आकाशातून हाक मारायची, एवढाच हा छंद. त्यात पैशाचा व्यवहार चालत नाही. संच विकत आणून थेट बोलायला लागणेही चालत नाही; आधी परवाना, मग हाक.

पूर्वी ही हाक तोंडाने किंवा मोर्सच्या टकटकीने जात असे. आता तिसरी वाट संगणकाची. या वाटेवर सर्वांत जास्त वर्दळ आहे ती 'एफटी-८' नावाच्या पद्धतीची. २०१७ साली ती जगापुढे आली. नावातला 'एफ' स्टीव्ह फ्रँके यांचा, 'टी' जो टेलर यांचा आणि ८ हा आकडा ती ज्या आठ सुरांत बोलते त्यांचा. हे टेलर म्हणजे १९९३ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणारे गृहस्थ. रसेल हल्स यांच्याबरोबर त्यांनी १९७४ मध्ये एका जोडताऱ्यातला पल्सार शोधून काढला. आपल्या नारायणगावाजवळ खोडदला ज्या ३० प्रचंड तबकड्या उभ्या आहेत, त्याही असल्याच ताऱ्यांची कुजबुज टिपत असतात. खरखरीच्या समुद्रातून नियमित येणारी बारीकशी टिकटिक वेचून काढण्यात ज्याची हयात गेली, त्याने तीच विद्या हौशी मंडळींच्या हवाली केली, आणि तीही फुकट! लहानपणी हे टेलर आणि त्यांचे बंधू घरावर रेडिओचे एरियल उभारत. एकदा त्यांच्या फिरत्या एरियलने घराचे विटांचे धुराडे छपरालगत साफ कापले. गच्चीवर दहा मीटर तार ताणायला आमच्या सोसायटीची परवानगी मागताना ही गोष्ट मी सोयीस्करपणे सांगितली नाही, हे वेगळे सांगायला नको.

आता मांडणीकडे वळू. संच आणि संगणक यांचा विवाह लावायचा तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात, आणि पत्रिकेपेक्षा त्या अधिक काटेकोर असतात.

पहिली गोष्ट कळ. कधी बोलायचे आणि कधी गप्प बसायचे हे संगणकाने संचाला सांगायचे असते. नव्या संचात त्यासाठी एकच यूएसबी केबल पुरते. जुन्या संचाला मध्ये एक लहानशी डबी लागते. 'डब्ल्यूएसजेटी-एक्स' या प्रोग्रामच्या यादीतून आपल्या संचाचे नाव निवडायचे, तार ज्या पोर्टला लावली त्याचा क्रमांक द्यायचा आणि दोन्हीकडचा वेग सारखा ठेवायचा. एवढे झाले की चाचणीचे बटण हिरवे होते. येथे एक श्लेष आहे. यूएसबी म्हणजे केबलही आणि यूएसबी म्हणजे रेडिओलहरीची वरची बाजूही. संच त्या वरच्या बाजूवरच, 'डेटा' या खुणेवर ठेवायचा असतो. वर्गात श्लेष शिकवताना मी हल्ली हे उदाहरण देतो. मुले 'कमल'पेक्षा यावर जास्त खूश होतात.

दुसरी गोष्ट घड्याळ. सारे जग येथे पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी चालते. मिनिटाच्या आरंभी, पंधराव्या, तिसाव्या आणि पंचेचाळिसाव्या सेकंदाला पाळी बदलते. एका पाळीत सुमारे पावणेतेरा सेकंद बोलायचे, उरलेल्या अवधीत उलगडा करायचा आणि पुढची संपूर्ण पाळी ऐकायचे. तुमचे घड्याळ सेकंदभर मागेपुढे असेल तर निभावते. त्याहून जास्त घसरले तर सूर कितीही स्वच्छ असोत, समोरच्याला अर्थ लागत नाही. म्हणून इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून वेळ जुळवत राहणारा एक छोटा प्रोग्राम शेजारी चालू ठेवतात. नोंदवहीत वेळ जागतिक लिहायची, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. 'दहाला या' म्हटल्यावर पावणेअकराला उगवणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत मानवते कशी, हे मला कोडेच आहे.

तिसरी आणि सर्वांत नाजूक गोष्ट आवाजाची. प्रोग्रामच्या डाव्या कोपऱ्यात एक उभी पट्टी असते. नुसती खरखर ऐकू येत असताना ती ३० च्या आसपास ठेवायची. बोलताना मात्र उलटा कारभार. उजवीकडची सरकपट्टी हळूहळू खाली आणायची, संचावरचा 'एएलसी'चा काटा हलेनासा झाला की थांबायचे. आवाज वाढवला की आपण अधिक दूर पोहोचू असे ज्याला वाटते, त्याचे सूर फाटतात, पसरतात आणि शेजारच्या दहा जणांचे बोलणे बुडवतात. शिवाय संगणकाचे बाकीचे आवाज घरच्या स्पीकरकडे वळवून ठेवायचे. नाहीतर पत्र आल्याची 'टिंग' तुमच्या परवान्याच्या जबाबदारीवर जगभर जाते.

मग आपले नाव आणि चौकट भरायची. पृथ्वीचे या मंडळींनी चौकोन पाडले आहेत. पुणे 'एमके ६८' मध्ये पडते. मुंबईतून एकोणिसावा अक्षांश जातो, त्यामुळे कुलाबा आमच्याच चौकोनात आणि दादर मात्र 'एमके ६९' मध्ये. पुणे-मुंबई वाद घालणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

एवढे झाले की पडद्यावर धबधबा वाहू लागतो. निळ्या पाण्यात पिवळसर रेघा. प्रत्येक रेघ म्हणजे कुठेतरी बसलेला एक माणूस. १४.०७४ मेगाहर्ट्झ या एका जागी पंचवीस-तीस जण एकदम बोलत असतात आणि पाळी संपताच सर्वांची वाक्ये ओळीने उमटतात. प्रत्येकापुढे आकडा असतो. उणे २० याचा अर्थ, त्या माणसाची ताकद भोवतालच्या खरखरीच्या शंभराव्या हिश्शाएवढी आहे. कानाला तेथे काहीसुद्धा ऐकू येत नाही, तरी वाक्य बिनचूक उमटते! याचे कारण, संदेशाच्या ७७ बिटांबरोबर त्याची राखण करणारी आणखी ९७ बिटे पाठवलेली असतात. आपल्या वेदपाठकांनी हेच केले नाही का? जटापाठ, घनपाठ म्हणजे तीच पदे पुढून, मागून, गुंफून म्हणायची. एखादे पद निसटले तर शेजारची पदे ते पकडून देतात.

संभाषण मात्र फारच आटोपशीर. माझी हाक, त्याचे नाव आणि चौकोन, मग 'तू मला इतका ऐकू येतोस', 'तू मला इतका', 'पोचले', आणि शेवटी '७३'. दीड मिनिटात खेळ खलास. स्वतःच्या मनचे काही लिहायचे तर एका वेळी १३ अक्षरे, तीही रोमन.

यावर आमच्या अण्णांनी पहिल्याच दिवशी हरकत घेतली. अण्णा तारखात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे त्यांनी मोर्सच्या कट्ट-कडकट्टात काढली. २०१३ च्या जुलैमध्ये देशातली तारसेवा बंद झाली, त्या दिवशी ते जेवताना एक शब्द बोलले नव्हते. आता ऐकूही कमी येते. घरात सारे एकदम बोलू लागले की ते पेपर तोंडासमोर धरतात. ते म्हणाले,

"अरे, यात माणूस कुठे आहे? यंत्र हाक मारते, यंत्रच ओ देते. तू बसलास काय नि उठलास काय!"

मी म्हटले, "अण्णा, तो शेवटचा ७३ पाहिलात? जुन्या तारवाल्यांचा आकडा आहे. 'लोभ असावा' एवढे सगळे त्या दोन अंकांत."

ते जरा थांबले. "म्हणजे आमच्या शुभेच्छांच्या तारेसारखे. दिवाळीला आकडा, लग्नाला आकडा, बारशाला आकडा. आम्ही आकडा पाठवायचो, पलीकडे वाक्य लिहून निघायचे." मग जरा वेळाने, "त्यातसुद्धा माणूस होताच म्हणा."

त्या दिवसापासून नोंदवही त्यांच्याकडे आहे. पण खरा फायदा निराळाच झाला. वयोमानाने आधी वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. संचावर मोर्सचा स्वर खाली आणण्याची सोय असते. तो सातशेवरून चारशेवर आणला आणि अण्णांना मोर्स पुन्हा स्पष्ट ऐकू येऊ लागले. संगणकही मोर्स उलगडतो, पण माणसाच्या हाताने पाठवलेले, जरा लंगडणारे मोर्स आले की तो भलतेसलते लिहितो. मग अण्णा चष्मा सरसावून म्हणतात, "त्याला म्हणावे, सरक बाजूला." घरात आम्हालाही आता कळले आहे की त्यांच्याशी मोठ्याने नव्हे, खालच्या पट्टीत आणि एकेकाने बोलायचे असते. ही गोष्ट समजायला संच आणावा लागला, असे सौभाग्यवती म्हणतात.

या पद्धतीने सर्व काही साधते असे मात्र कोणी समजू नये. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद यांचे पथक हौशी रेडिओसाठी पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली बाहेर कळू लागली. तशा वेळी १३ अक्षरे पुरत नाहीत. लांब मजकूर टंकून पाठवायच्या दुसऱ्या पद्धती आहेत. पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये आणलेल्या पीएसके-३१ मध्ये, मोर्सप्रमाणेच, जी अक्षरे वारंवार लागतात त्यांना छोटी खूण दिली आहे. संगणकावर त्याही मांडून ठेवाव्यात. केबल आणि आवाजाची जुळणी तीच लागते.

दिवाळीपुरती एक सूचना. स्वस्तातल्या विजेच्या माळा आणि त्यांचे अॅडाप्टर लहरींच्या जगात भयंकर कालवा करतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या इमारतीवर एवढ्या माळा असतात की धबधबा नुसता पांढरा होतो आणि उणे पंधराचे पाहुणेही बुडून जातात. त्या रात्री आम्ही संच उघडत नाही, फराळाला बसतो. पाडव्याच्या पहाटे माळा विझलेल्या असतात. तेव्हा अण्णा नोंदवही घेऊन बसतात आणि मी शक्ती पाच वॅटवर आणून ठेवतो. तेवढी पुरते.

वाचकहो, आपणां सर्वांस ७३.