तुळशीच्या लग्नाआधी कॅमेरा हातात बसू द्या

दसऱ्याला कॅमेऱ्याची पूजा होते, पट्ट्याला झेंडूचे फूल अडकवले जाते, आणि तुळशीचे लग्न लागून तिथी सुरू झाल्या की तोच कॅमेरा पहिल्या ऑर्डरीवर निघतो. दसऱ्याला घेतला असेल तर हाताशी महिनाभर असतो. पाडव्याच्या मुहूर्तावर घेतला तर जेमतेम दहा-बारा दिवस. हे दिवस बहुतेकांचे बॅग, जादा बॅटरी आणि कार्डे जमवण्यात जातात. बटणांची ओळख कामावर होईलच, म्हणून पुढे ढकलली जाते. ती कामावर होऊ देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या घरचे कार्य टिपण्याचे पैसे घेतले, त्याच्याच कार्यात आपण कॅमेरा शिकत असणे बरोबर नाही.

यंदा हा विषय घेण्याला आणखी एक कारण आहे. २०१८ मध्ये कॅननने ईओएस आर आणि निकॉनने झेड मालिका आणली, तेव्हापासून मोठ्या शहरांतले स्टुडिओ हळूहळू मिररलेसकडे वळले. त्यांच्याकडच्या निकॉन डी७५०, डी८५०, कॅनन ५डी मार्क फोर अशा बॉडी मुंबईच्या बोरा बाजारातून आणि ओळखीपाळखीतून तालुक्याच्या गावी पोचत आहेत. आजवर १५००डी किंवा २००डीवर लग्ने केलेल्यांच्या हाती पहिल्यांदाच फुल फ्रेम बॉडी येते आहे. याचा आम्हाला आनंद आहे. या बॉडींमध्ये अजून पुष्कळ वर्षांचे काम शिल्लक आहे. मात्र त्यांत कितीतरी निर्णय वापरणाऱ्यावर सोडलेले असतात, आणि आपण ते घेतले नाहीत तर कारखान्याने किंवा आधीच्या मालकाने घेतलेले निर्णय तसेच चालू राहतात.

आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा क्षण घ्या. शेवटचे मंगलाष्टक संपत आले आहे, पुढच्या 'सावधान'ला अंतरपाट दूर होणार. सतत फोकसवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने नवरीचा चेहरा धरून ठेवलेला असतो. तेवढ्यात चारी बाजूंनी अक्षता येतात, आणि फोकस चेहरा सोडून मधल्या तांदळावर उडी मारतो. तो परत चेहऱ्यावर येईपर्यंत पहिली नजरभेट होऊन गेलेली असते. दोष लेन्सला दिला जातो, पण उपाय मेनूत असतो. ५डी मार्क फोरमध्ये एआय सर्वोसाठी सहा 'केस' दिल्या आहेत. त्यांतली दुसरी मधे येणाऱ्या अडथळ्यांकडे दुर्लक्ष करून विषय धरून ठेवण्यासाठीच आहे. डी८५०मध्ये 'ब्लॉक्ड शॉट एएफ रिस्पॉन्स' १ ते ५ असा आहे, तो ५ कडे न्यावा. डी७५०मध्ये हेच काम 'फोकस ट्रॅकिंग विथ लॉक-ऑन' करते. घरातल्या कुणाला तरी खिडकीपाशी उभे करा, दुसऱ्याला मधून मूठमूठ तांदूळ उडवायला सांगा, आणि हा आकडा १ वर व ५ वर ठेवून दोन्हीकडे शूट करून बघा. फरक डोळ्यांनी दिसला की तो विसरायला होत नाही. हाच आकडा वरातीत मात्र आडवा येतो. तिथे नाचणारे क्षणाक्षणाला बदलतात आणि कॅमेऱ्याने पटकन नवा माणूस धरायला हवा असतो. एकच सेटिंग दिवसभर चालत नाही.

हॉलमधले दिवे हा असाच दुसरा प्रश्न. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. शटर १/५०० वर ठेवून सलग फोटो घेतले की एक उजळ, एक काळवंडलेला, एकात चेहरा पिवळसर असे येतात. अल्बम करणारा बसून एकेक रंग जुळवत राहतो. कॅननने २०१४ च्या ७डी मार्क टूपासून, आणि निकॉनने २०१६ च्या डी५ व डी५०० पासून, हा फरक ओळखून दिवा उजळ असतानाच शटर सोडण्याची सोय दिली आहे. ५डी मार्क फोर आणि डी८५०मध्ये ती आहे, पण मुळात बंद असते; आपण चालू करावी लागते. सलग शूटिंगचा वेग थोडा कमी होतो, तो होऊ द्यावा. स्टेजमागच्या एलईडी वॉलवर दिसणारे पट्टे मात्र या सोयीने जात नाहीत, तिथे शटर खाली आणूनच मार्ग काढावा लागतो.

दोन कार्डांच्या बॉडीबद्दल थोडे ठासून सांगायचे आहे, कारण इथला गैरसमज महागात पडणारा आहे. कॅमेऱ्यात दोन कार्डे घातली म्हणजे दोन प्रती झाल्या, असे अनेकजण धरून चालतात. तसे नसते. कॅननची मूळ सेटिंग 'स्टँडर्ड' असते, म्हणजे निवडलेल्या एकाच कार्डावर फोटो जातात. निकॉनची 'ओव्हरफ्लो' असते, म्हणजे पहिले भरल्यावर दुसरे वापरले जाते. दोन प्रती हव्या असतील तर कॅननमध्ये 'रेकॉर्ड टू मल्टिपल' आणि निकॉनमध्ये 'बॅकअप' निवडावे लागते. ५डी मार्क फोरचा एसडी स्लॉट सीएफपेक्षा मंद आहे, त्यामुळे दोन्हीकडे लिहिताना सलग शूटिंग लवकर अडते. तेही आधी बघून ठेवावे. कॅननच्या बहुतेक बॉडी कार्ड नसतानाही शटर दाबू देतात. 'रिलीज शटर विदाउट कार्ड' हा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करावा.

आता वापरलेली बॉडी घेणाऱ्यांसाठी. मेनूतले 'क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज' दाबले की सगळे कोरे झाले, असे समजू नका. कॅननमध्ये कस्टम फंक्शन त्याने जात नाहीत, ती वेगळी पुसावी लागतात. निकॉनची हिरव्या ठिपक्यांची दोन बटणे एकत्र धरून होणारी रीसेटही कस्टम सेटिंग मेनूला हात लावत नाही; तिथे स्वतंत्र रीसेट आहे. आधीच्या मालकाने निकॉनमध्ये 'फाइन-ट्यून ऑप्टिमल एक्स्पोजर' बदलून ठेवले असेल तर तुमचा प्रत्येक फोटो थोडा उजळ किंवा थोडा गडद येईल, आणि त्याची कोणतीही खूण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणार नाही. त्याच्या लेन्ससाठी केलेली फोकसची बारीक दुरुस्ती तुमच्या त्याच मॉडेलच्या लेन्सला लागू होईल आणि शार्प लेन्स मऊ वाटू लागेल. कॉपीराइटच्या रकान्यात त्याचे नाव असेल तर तुमच्या फोटोंच्या फाइलीत ते जात राहील. हे तीन रकाने उघडून बघायला पाच मिनिटे लागत नाहीत.

मेनूत एकदा बसून करायचे ते हे. बटणांचे काम वेगळे, ते बोटांना करावे लागते. एकाच कंपनीची बॉडी आहे म्हणून गाफील राहू नये. डी७५०चे आयएसओ बटण मागे, स्क्रीनच्या डाव्या हाताला आहे. डी८५०वर ते वर, शटरच्या मागे गेले. डी७५०वर वाढलेले बोट सवयीने डावीकडे जाणारच, आणि ते नेमके मुहूर्ताच्या वेळी जाणार. कंपनी बदलणाऱ्यांना तर लेन्स बसवण्याची दिशासुद्धा उलटी आहे. म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरमधून न काढता आयएसओ, फोकसचा बिंदू आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन ही तीन बटणे सापडली पाहिजेत, एवढी अट स्वतःला घाला. रात्री दिवा मालवून हे करून बघा. कॅननच्या अनेक बॉडींच्या आयएसओ बटणावर बोटाला लागेल असा छोटा उंचवटा असतो, तो याचसाठी. डी८५०चा स्विच थोडा पुढे फिरवला की डावीकडची बटणे उजळतात. अंधाऱ्या लॉनवर त्याचा फार उपयोग होतो.

मागच्या बटणाने फोकस करावा का, हा आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न. कॅननने ही सोय १९८९ च्या ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली होती, म्हणजे ती कालची फॅशन नव्हे. फोकस अंगठ्याकडे आणि शटर तर्जनीकडे दिले की थांबलेल्या आणि हलणाऱ्या विषयासाठी मोड बदलत बसावे लागत नाही. आमचा कौल तिच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तुमच्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बॉडीवर तीच मांडणी असावी. ऐन वेळी असिस्टंटने तुमचा कॅमेरा उचलला आणि शटर अर्धे दाबूनही फोकस होईना, तर त्याची चूक नसते.

हीच शिस्त डायलवरच्या सी१-सी२ किंवा यू१-यू२ साठी. एकात मंडपातले विधी, दुसऱ्यात वरात व रिसेप्शन अशी विभागणी आम्हाला सोयीची वाटते. तिथे आयत्या वेळी केलेला बदल कॅमेरा बंद-चालू झाल्यावर पुसला जातो, मूळ सेटिंग परत येते. डी८५०वर यू१-यू२ नाहीत, मेनू बँका आहेत, आणि त्यांचा स्वभाव नेमका उलटा. केलेला बदल बँकेतच साठून राहतो, त्यामुळे दर ऑर्डरीआधी बँक तपासावी लागते. दोघे-तिघे मिळून शूट करत असाल तर सगळ्या बॉडींची घड्याळेही त्याच वेळी जुळवा, नाहीतर निवड करताना सप्तपदी कन्यादानाच्या आधी येऊन बसते.

एवढे झाल्यावरही पहिल्या ऑर्डरीला जुनी, सवयीची बॉडी मुख्य ठेवा आणि नवी दुसऱ्या लेन्ससह सोबत बाळगा. पुढच्या तिथीला अदलाबदल करा. आणि तुमची मांडणी, म्हणजे कोणती बॉडी, कोणत्या बटणाला कोणते काम, विधींसाठी फोकसची कोणती सेटिंग, हे आम्हाला एका पानात लिहून पाठवा. उपयोगी पडेल अशी प्रत्येक मांडणी पुढच्या अंकापासून छापू.