चेहरा ८० टक्के, जबाबदारी १०० टक्के

बारावीच्या विद्यार्थ्यांचे प्रवेशपरीक्षांचे अर्ज सुरू झाले, की फोटो नाकारला गेल्याच्या तक्रारी स्टुडिओच्या काउंटरवर येऊ लागतात आणि त्यांचे पडसाद या मासिकाच्या टपालातही उमटतात. यंदाच्या पत्रांचा सूर मात्र नेहमीपेक्षा अधिक त्रासलेला आहे. संकेतस्थळाने फोटो परत पाठवला, सायबर कॅफेवाल्याने ‘फोटोच खराब आहे’ असे सांगून हात झटकले, पालक दुसऱ्यांदा पैसे द्यायला तयार नाहीत आणि दुरुस्तीची मुदत रात्री संपणार आहे, अशा कात्रीत सापडलेला छायाचित्रकार ज्या नियमांपायी दोषी ठरतो, ते नियम मुळात पाळता येण्याजोगे आहेत का, हे आता तपासावेच लागेल.

वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेच्या माहितीपुस्तिकांत गेली काही वर्षे एक अट ठाण मांडून बसली आहे: पांढऱ्या पार्श्वभूमीवर, मास्कशिवाय, कानांसह ८० टक्के चेहरा दिसला पाहिजे. या ८० टक्क्यांचे तीन अर्थ लागतात. चेहऱ्याचाच ८० टक्के भाग उघडा असावा, असा अर्थ घेतला, तर मास्क काढून दोन्ही कान दाखवल्यावर उरलेले २० टक्के झाकायचे कशाने, हे कळत नाही. चौकटीच्या उंचीचा ८० टक्के भाग चेहऱ्याने व्यापावा, असा अर्थ घेतला, तर ४५ मिलिमीटर उंचीच्या पासपोर्ट फोटोत डोक्यापासून हनुवटीपर्यंतच ३६ मिलिमीटर खर्ची पडतात आणि खांद्यांना जेमतेम जागा उरते. चौकटीच्या क्षेत्रफळाचा ८० टक्के भाग, हा तिसरा अर्थ तर भूमितीलाच मान्य नाही. कारण चेहरा लंबवर्तुळाकार धरला, तर आयताच्या चारही कडांना टेकलेले लंबवर्तुळसुद्धा त्या आयताचा सुमारे ७८.५ टक्के भागच व्यापते. म्हणजे डोके, हनुवटी आणि दोन्ही कान कडांना टेकवूनही दीड टक्का कमीच पडतो. तो दीड टक्का कोणत्या लेन्सने भरून काढायचा, याचे मार्गदर्शन पुस्तिकेत नाही.

याच परीक्षेला गेल्या काही वर्षांत पासपोर्ट आकाराबरोबर ४ × ६ इंचांचा, म्हणजे पोस्टकार्ड आकाराचा फोटोही लागत आला आहे. पहिल्या आकारात रुंदी उंचीच्या ७८ टक्के असते, दुसऱ्यात ६७ टक्के; त्यामुळे एकच क्रॉप, म्हणजे एकदा कापलेली चौकट, दोन्हीकडे चालत नाही. तोच विद्यार्थी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसणार असेल, तर संघ लोकसेवा आयोगाच्या अलीकडच्या वर्षांतील सूचनांप्रमाणे किमान ३५० × ३५० आणि कमाल १००० × १००० पिक्सेलांची, २० ते ३०० केबीची फाइल हवी, चेहरा तीन चतुर्थांश जागेत हवा आणि फोटोवर उमेदवाराचे नाव व फोटो काढल्याची तारीखही हवी. चेहरा एकच, विद्यार्थी एकच आणि परीक्षा घेणाऱ्या यंत्रणाही सरकारीच. तरीही प्रत्येक दारात त्याच चेहऱ्याचे माप नव्याने घेतले जाते.

यापेक्षाही विचित्र प्रकार आहे तो फाइलच्या किमान वजनाचा. कमाल मर्यादा समजू शकते, कारण लाखो फायली साठवायच्या असतात. पण बँकभरतीच्या अर्जात २०० × २३० पिक्सेलांची फाइल सुचवून ती २० केबीपेक्षा कमी नसावी, असे बजावले जाते, तेव्हा छायाचित्रणाचे शास्त्र उलटे टांगले जाते. जेपेग या पद्धतीत चित्रातला तपशील जितका कमी, तितकी फाइल अधिक आवळली जाते. त्यामुळे पार्श्वभूमी सपाट पांढरी, प्रकाश समतोल आणि नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत दिसणारे दाणे, अजिबात नाहीत, असा उत्तम फोटो नेहमीच्या दर्जावर सेव्ह केला की सहज २० केबीच्या खाली उतरतो आणि नाकारला जातो. ट्यूबलाइटखाली मोबाइलवर काढलेला दाणेदार फोटो मात्र वजनात बसतो. शिवाय कमाल मर्यादा २०० केबीची असेल, तर ते २,००,००० बाइट की २,०४,८०० बाइट, हे न सांगितल्यामुळे सीमेवरची फाइल एका संगणकावर बसते आणि दुसऱ्यावर बसत नाही.

जे संकेतस्थळ फाइल किती केबीची आहे हे क्षणात मोजू शकते, ते ती फाइल लहानही करू शकते. हे काम यंत्राकडे न देता ग्रामीण भागातल्या सतरा वर्षांच्या मुलाकडे, त्याच्या पालकांकडे आणि अखेरीस स्टुडिओकडे ढकलणे हा निव्वळ आळस आहे. ३५ × ४५ मिलिमीटरच्या चौकटीची, ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके या घनतेने, ४१३ × ५३१ पिक्सेलांची एकच प्रमाण फाइल सर्व परीक्षांनी स्वीकारावी, किमान वजनाची अट रद्द करावी आणि चेहऱ्याचे प्रमाण टक्क्यांऐवजी डोक्यापासून हनुवटीपर्यंतच्या मिलिमीटरांत सांगावे, एवढीच या व्यवसायाची मागणी आहे. तिच्यासाठी ना निधी लागतो, ना समिती.

मात्र सगळे खापर अधिकाऱ्यांवर फोडून व्यवसायाला मोकळे होता येणार नाही. तयार कोट-टाय चिकटवणारे, ॲपने पार्श्वभूमी कापताना कानाची पाळीही कापणारे, त्वचा इतकी गुळगुळीत आणि गोरी करणारे की परीक्षाकेंद्रावर ओळख पटवणाऱ्याने दोनदा पाहावे, असे स्टुडिओ प्रत्येक तालुक्यात आहेत. अमेरिकेत शाळेच्या शेवटच्या वर्षाचे ‘सीनियर पोर्ट्रेट’ हा स्वतंत्र व्यवसाय आहे, आणि तिथे कपडे, केस, चष्मा यांची तयारी छायाचित्रकार आधीच सांगून ठेवतो. इथे विद्यार्थी शेवटच्या दिवशी ओल्या केसांनी धावत येतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते. कर्मचारी निवड आयोगाने २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यासमोर थेट फोटो घेण्याची पद्धत आणली. इतर यंत्रणा त्याच वाटेने गेल्या, तर केवळ ‘क्लिक’ विकणाऱ्या स्टुडिओला बारावीचा हंगाम उरणार नाही.

म्हणून तयारी विकायला शिकावे. प्रत्येक स्टुडिओने काउंटरवर एक छापील चिठ्ठी ठेवावी: केस आठवडाभर आधी कापावेत; पांढरा सदरा टाळावा, कारण पांढऱ्या पार्श्वभूमीत खांद्याची रेषा हरवते; केस कानांमागे घ्यावेत; परीक्षेला चष्मा लावणार असेल तर फोटोतही तो असावा. पार्श्वभूमीवर वेगळा दिवा टाकून विद्यार्थ्याला तिच्यापासून चार-पाच फूट पुढे बसवावे, म्हणजे कापाकापीची वेळच येत नाही. चष्म्यावर चमक आली तर दिवा उंच न्यावा. मूळ फाइल वर्षभर जपावी आणि ग्राहकाला ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे ती वाटेत पुन्हा आवळली जात नाही.

आणि तक्रार करावी, पण पुराव्यानिशी. नाकारलेल्या प्रत्येक फोटोसाठी परीक्षेचे नाव, पडद्यावर आलेला संदेश, फाइलचे पिक्सेल आणि बाइट एवढे चार तपशील, विद्यार्थ्याचे नाव व चेहरा वगळून, या मासिकाकडे पाठवावेत. अशी प्रकरणे तालुकावार मांडलेले निवेदन घेऊन गेल्यावर ‘फोटोच खराब आहे’ हे उत्तर टेबलापलीकडून देता येणार नाही.