वास्तुशांतीच्या यादीत इंद्रजाल नाही

वास्तुशांतीच्या साहित्याची यादी मी यजमानांना चार-आठ दिवस आधी पाठवतो. हळद-कुंकू, सुपाऱ्या, हळकुंडं, खारका-बदाम, नारळ, विड्याची पानं, समिधा, तूप, वास्तुपुरुषाची प्रतिमा. या यादीत इंद्रजाल कधीच नव्हतं. वडिलांच्या यादीत नव्हतं आणि ज्या पोथ्यांवरून आम्ही प्रयोग शिकलो त्यांतही कुठे सापडत नाही. तरीही गेल्या काही वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या नव्या इमारतींमध्ये ते मला पुनःपुन्हा भेटतं. मुख्य दाराच्या वर काचेची चौकट, मागे लाल मखमल आणि त्यावर पिंपळाच्या पानाच्या शिरांसारखं पसरलेलं काळं, जाळीदार झाड. खाली ‘अभिमंत्रित’ अशी चिठ्ठी. नजर लागत नाही, करणी चालत नाही, धंद्याला बरकत येते, असं विकणारा सांगतो. ‘समुद्राच्या तळाची दुर्मीळ वनस्पती’ असंही सांगतो.

ती वनस्पती नाही. ती प्राण्यांची वसाहत आहे. समुद्रपंखे आणि काळं प्रवाळ ही दोन वेगवेगळ्या कुळांतली प्रवाळं इंद्रजाल या एकाच नावाने विकली जातात. दोन्हींत काळ्या फांद्यांवर शेकडो-हजारो इवलेसे जीव बसलेले असतात. पाण्याच्या प्रवाहाला आडवं पसरून वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपायचे, हे त्यांचं जगणं. जिवंतपणी त्यांचा रंग पिवळा, नारिंगी, जांभळा, पांढरा असा असतो. वर काढून वाळवलं की मांसल थर गळून पडतो आणि उरतो तो सांगाडा. आपण चौकटीत लावतो ते हे कलेवर. ज्या वास्तूत प्रवेश करताना सोयरसुतक पाहतो, मुहूर्त पाहतो, तिच्या दारावर आपण मेलेल्या जिवांचा सांगाडा टांगतो, हे मला सहन होत नाही.

माझं आजोळ हर्णैचं. तिथे बरोबर शिकलेला एक मित्र अजून होडी घेऊन समुद्रात जातो. खडकाळ तळाला जाळं अडकलं की कधीकधी अशी झाडं त्यात तुटून येतात, असं त्याने मला सांगितलं. त्याच्या लहानपणी ती जाळ्यातून सोडवून पाण्यात फेकत. आता बंदरावर कुणीतरी येऊन विचारून जातं. त्याचं हे बोलणं ऐकल्यापासून मी या विषयात लक्ष घालायला लागलो. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरसुद्धा ओहोटीला समुद्रपंखे दिसतात आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रात बुडालेलं अँग्रिया बँक हे प्रवाळांचं मोठं पठार आहे. या झाडांच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, खेकडे राहतात, समुद्रघोडे शेपटीने फांदी धरून बसतात. आणि ही झाडं फार सावकाश वाढतात. हवाईजवळच्या खोल समुद्रातल्या एका काळ्या प्रवाळाचं वय शास्त्रज्ञांनी सुमारे ४,२६५ वर्षं काढलं. ते संशोधन २००९ साली प्रसिद्ध झालं. आपल्या चौकटीतलं झाड इतकं जुनं नसेल, पण तळहाताएवढं व्हायलाही त्याला वर्षानुवर्षं लागलेली असतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ साली समुद्रपंखे आणि काळं प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आले. त्याच अनुसूचीत वाघ आहे. विकणं गुन्हा, विकत घेणं गुन्हा, घरात ठेवणंही गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय दंड. काही विक्रेते चौकटीबरोबर ‘अस्सल असल्याचा’ दाखला देतात. घेणाऱ्याला वाटतं, फसवणूक झाली नाही. खरं तर तो दाखला त्याच्याच गुन्ह्याचा पुरावा असतो.

पण वीस वर्षांहून अधिक काळ कायदा असूनही हा धंदा चालू आहे, कारण कायदा पोचतो विकणाऱ्यापर्यंत आणि त्या वस्तूला किंमत येते ती आमच्यामुळे. आमच्या म्हणजे भिक्षुकांच्या, ज्योतिष्यांच्या, वास्तुसल्लागारांच्या. वनखात्याने छापा घातला की देवळाबाहेरचा एखादा फेरीवाला सापडतो. संकेतस्थळावरची जाहिरात काढायला लावली की चार दिवसांनी वेगळ्या नावाने तीच पुन्हा झळकते. आणि मोबाइलवर कुणीतरी भगवी शाल पांघरून इंद्रजाल कोणत्या वारी, कोणत्या दिशेला लावावं ते सांगत बसलेलं असतं. एखाद्या गुरुजींनी त्या चौकटीवर हळदकुंकू वाहिलं, की त्या घरापुरती ती वस्तू धर्माची झाली. मग शेजारचे विचारतात, कुठून आणलं?

मला याचा राग येतो तो माणूस म्हणून आणि पुरोहित म्हणूनही. आमच्या पूजाविधीत दुर्मीळ वस्तूवाचून काही अडत नाही. वस्त्र नसेल तर त्याच्या जागी अक्षता वाहतो, अलंकार नसतील तर अक्षता वाहतो आणि पूजा पुढे जाते. ज्या परंपरेने गरिबातल्या गरीब यजमानाची मूठभर तांदळांवर सोय केली, तिच्या नावाने कायद्याने बंदी असलेला सांगाडा हजारो रुपयांना विकला जावा? कुणी म्हणेल, पंचरत्नांच्या एका यादीत पोवळंही आहेच की. आहे. पण पंचरत्नं जमली नाहीत म्हणून कुणाची वास्तुशांत अडलेली मी पाहिली नाही. मी स्वतः पोवळं आणायला सांगणं थांबवलं आहे.

‘जाळ्यात मेलेलंच येतं, मग विकलं तर बिघडलं कुठे?’ असं मला एका यजमानांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. पण ज्या वस्तूला गिऱ्हाईक आहे, ती चुकून जाळ्यात येण्यापुरती राहत नाही. पैसे मिळणार म्हटल्यावर जाळं कुठल्या खडकाजवळ टाकायचं, हेही ठरायला लागतं.

गुजरातेत व्हेल शार्कच्या बाबतीत जे घडलं, ते आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाने समजून घ्यावं. वेरावळच्या किनाऱ्यावर या अवाढव्य, निरुपद्रवी माशाची शिकार होत असे. यकृताचं तेल होड्यांना लावत, मांस परदेशी जाई. माइक पांडे यांनी त्यावर चित्रपट केला आणि २००१ साली या माशाला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण मिळालं. तरी कोळ्यांचं मन वळलं ते त्यानंतर. २००४ साली सुरू झालेल्या मोहिमेत कथाकार मोरारी बापूंनी लोकांना सांगितलं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे. हा शब्द लोकांच्या काळजाला भिडला. ज्यांनी शिकार केली, त्यांनीच पुढे जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडून दिले. कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकारने दिली, हेही महत्त्वाचं. नुसत्या शब्दाने गरिबाचं नुकसान भरून निघत नाही. आपल्याकडेही २०१८ पासून संरक्षित सागरी जीव सोडणाऱ्या मच्छीमारांना २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. किनाऱ्यावरच्या माणसाने आपला वाटा उचलला आहे. दारावर चौकट लावणाऱ्यांनी आणि तिला नमस्कार करणाऱ्यांनी अजून उचललेला नाही.

म्हणून मी यादीच्या तळाशी आता ठळक अक्षरांत लिहितो: इंद्रजाल, हत्थाजोडी, वाघनख आणू नये, घरात असल्यास मी पूजा करणार नाही. (हत्थाजोडी ही मुळी म्हणून विकली जाते, ते घोरपडीचं जननेंद्रिय असतं.) यामुळे एका घरची वास्तुशांत माझ्या हातून गेली, त्यांनी दुसऱ्या गुरुजींना बोलावलं. त्या गुरुजींनीही नकार दिला असता, तर चौकट खाली उतरली असती. वेदपाठशाळांनी हे विद्यार्थ्यांना शिकवावं, पुरोहितांच्या मंडळांनी तसा ठराव करावा. वास्तुसल्लागारांनाही माझं हेच सांगणं आहे.

सरकारकडेही एक मागणी आहे आणि ती मला एका यजमानीणबाईंमुळे सुचली. मी समजावल्यावर त्यांनी लगेच चौकट उतरवली आणि विचारलं, “गुरुजी, आता याचं करू काय?” मला उत्तर देता आलं नाही. वनखात्याकडे नेऊन द्यावं, तर बाळगल्याचा गुन्हा अंगावर येईल ही भीती. विसर्जन करावं किंवा कुणाला देऊन टाकावं, तर तेही बेकायदा. २०२२ च्या दुरुस्तीने अशा वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करण्याची वाट ठेवली, पण ती मालकीचा दाखला असलेल्यांसाठी. दुकानातून चौकट आणणाऱ्या घराकडे असा दाखला कुठून असणार? अजाणतेपणी घेतलेल्या कुटुंबांसाठी सरकारने एक मुदत जाहीर करावी. २००३ साली वन्यजीवांच्या वस्तूंची नोंद करण्यासाठी केंद्राने १८० दिवस दिले होते, तशी. त्या मुदतीत जो इंद्रजाल आणून देईल, त्याच्यावर गुन्हा नको. त्याने फक्त कुठून घेतलं ते सांगावं. अशा जबाबांवरून वनखात्याला फेरीवाल्याच्या मागच्या घाऊक व्यापाऱ्यापर्यंत पोचता येईल. मुदत संपल्यावर मात्र कुणालाही सूट नको. ही मुदत जाहीर झाली, तर ती घरोघर सांगण्याचं काम आम्ही भिक्षुक करू. सत्यनारायण, वास्तुशांत, उदकशांत अशा निमित्ताने रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी आमचं जाणं असतंच.