गुठळीचे औषध झाले, तरी दम लागतोय? तपासून घ्या!

पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घेऊनही दम जात नाही, अशांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे आवाहन आहे.

जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबून मोबाइल बघण्याचे निमित्त करणारे कुणी घरात असेल, तर वय झाले, वजन वाढले म्हणून सोडून देऊ नका. काहींची गुठळी पूर्ण विरघळत नाही. फुप्फुसातल्या धमनीला आतून चिकटून ती घट्ट होते, वाट अरुंद होते, फुप्फुसातला रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. पुढे पाय सुजतात, भोवळ येते. दंडाला पट्टा बांधून मोजलेले बीपी मात्र नॉर्मल असू शकते! म्हणून जुन्या गुठळीबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा, इको करून घ्या, व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोहोचते ते दाखवणारी तपासणी) करायचा का ते विचारा. जुनी गुठळी सीटीत निसटू शकते.

फुप्फुसातल्या उच्च रक्तदाबाचा हा प्रकार शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. शरीर सुमारे 20 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करतात, रक्ताभिसरण एका वेळी साधारण 20 मिनिटे थांबवतात आणि सर्जन धमनीला चिकटलेला गुठळीचा थर सोलून काढतात. कापडावर मांडला की धमनीच्या फांद्या जशाच्या तशा दिसतात. हत्यार पोहोचत नाही अशा बारीक फांद्यांत कॅथेटरने फुगा नेऊन त्या रुंद करता येतात. जपानी डॉक्टरांनी हे तंत्र बरेच सुरक्षित केले. ते टप्प्याटप्प्याने होते आणि फुप्फुसात रक्तस्राव होण्याचा धोकाही असतो.

यांतला एकच मार्ग निवडावा लागतो, हा समज सोडा. मोठ्या फांद्यांसाठी शस्त्रक्रिया, उरलेल्या बारीक फांद्यांसाठी फुगा, जोडीला गरजेप्रमाणे रिओसिग्वाटसारखे औषध, असे एकाच रुग्णावर करता येते. म्हणून ‘ऑपरेशन होणार नाही’ हा एका ठिकाणचा शब्द शेवटचा मानू नका. जिथे ही शस्त्रक्रिया नेहमी होते, सर्जन आणि कॅथेटरचे डॉक्टर एकत्र बसून फिल्म पाहतात, तिथे दुसरे मत घ्या. जुने रिपोर्ट आणि सीडी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नका. या आजारात ती आयुष्यभर लागते.

ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि सोसायट्यांनी हा मजकूर फलकावर लावावा. अचानक दम कोंडला, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर महाराष्ट्रात लगेच 108 ला फोन करा.